क्वांटम डॉटचा फेज मोजायचा असेल तर: अहारोनोव-बोम वलयावरची पहिली मापनं

क्वांटम डॉटमधून, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या अतिसूक्ष्म जागेतून, किती करंट जातो हे मोजणं तुलनेनं सोपं आहे. पण करंट मोजल्यावर ट्रान्समिशन ॲम्प्लिट्यूडचा फक्त वर्ग हाती लागतो. डॉटमधून बाहेर पडताना इलेक्ट्रॉनच्या तरंगाचा फेज किती सरकला, ही माहिती वर्ग करतानाच पुसली जाते. ती परत मिळवायची तर त्या तरंगाला दुसऱ्या, डॉट नसलेल्या वाटेनं आलेल्या तरंगाशी भिडवावं लागतं. म्हणजे वलय हवं, त्याच्या एका शाखेत डॉट हवा आणि मधून चुंबकीय फ्लक्स जायला हवा. फ्लक्स बदलला की दोन वाटांमधला फेजचा फरक बदलतो आणि करंट दोलतो. हेच अहारोनोव-बोम वलय.

नवख्यांची गाडी अडते ती उपकरणांपाशी नाही, तर आलेख वाचताना. वलयातून दिसणारा फेज हा संपूर्ण परिपथाचा असतो. त्यातला डॉटचा वाटा कोणता, हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि खालच्या पायऱ्यांचा क्रम त्यासाठीच लावला आहे. उदाहरण गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडच्या थरांमधल्या द्विमितीय इलेक्ट्रॉन वायूचं (एका पातळ प्रतलातच फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं) घेतलं आहे. या विषयातले बरेच महत्त्वाचे प्रयोग याच पदार्थावर झाले.

आधी कागदावर

दोन वाटांची ॲम्प्लिट्यूड ०.५ आणि ०.१ आहेत असं धरा. एकट्या पहिल्या वाटेचं ट्रान्समिशन २५ टक्के, एकट्या दुसरीचं जेमतेम १ टक्का. दोन्ही जुळून आल्या तर ०.६ चा वर्ग म्हणजे ०.३६ आणि विरुद्ध आल्या तर ०.४ चा वर्ग म्हणजे ०.१६. दोलनाची व्हिजिबिलिटी (कमाल आणि किमान यांचा फरक भागिले त्यांची बेरीज) ०.२० भागिले ०.५२, म्हणजे ३८ टक्के. एका टक्क्याची वाट ३८ टक्क्यांचं दोलन उठवते, कारण व्यतिकरणात ॲम्प्लिट्यूडचा गुणाकार होतो. ज्या डॉटचा करंट गोंगाटात बुडालेला असतो त्याचाही फेज मोजता येतो, तो यामुळेच.

आता स्कॅटरिंगचा फेज. एकमितीय तारेत एकच अतिशय अरुंद अडथळा असेल तर ट्रान्समिशन हे फेजच्या कोसाइनचा वर्ग असतं. अर्धं ट्रान्समिशन म्हणजे ४५ अंश फेज, आणि अडथळा कितीही उंच केला तरी फेज ९० अंशांपलीकडे जात नाही. डॉटचं तसं नसतं. त्यात अनुनादी पातळी असते आणि ऊर्जा त्या पातळीतून सरकवली की फेज एकूण १८० अंश चढतो. ब्राइट-विग्नर सूत्रानुसार शिखराच्या मधोमध फेज शून्य धरला, तर उंची निम्मी होते तिथे तो उणे ४५ आणि अधिक ४५ अंश असतो. म्हणजे शिखराच्या अर्ध्या उंचीवरच्या रुंदीत (तिला गॅमा म्हणू) फेजचा निम्माच बदल होतो. १८० पैकी १६२ अंश पाहायचे तर दोन्ही बाजूंना सुमारे तीन गॅमापर्यंत जावं लागतं. तिथे ट्रान्समिशन शिखराच्या अडीच टक्क्यांपेक्षा कमी असतं, ॲम्प्लिट्यूड मात्र अजून १५ टक्क्यांच्या वर. शिखर संपलं असं समजून स्वीप थांबवणारे अर्धा फेज तिथेच सोडून येतात.

नमुन्याचे आकडे

इलेक्ट्रॉन घनता प्रति चौरस मीटर २.५ × १०¹⁵ धरली तर फर्मी तरंगलांबी ५० नॅनोमीटर, फर्मी ऊर्जा ८.९ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि फर्मी वेग सेकंदाला २.२ लाख मीटर. मोबिलिटी १०० चौरस मीटर प्रति व्होल्ट-सेकंद असेल तर इलेक्ट्रॉन सरासरी ८ मायक्रोमीटर न धडकता जातो.

वलयाची सरासरी त्रिज्या ०.५ मायक्रोमीटर ठेवा. प्रत्येक शाखा साधारण १.६ मायक्रोमीटर लांब येते, वरच्या ८ मायक्रोमीटरच्या बरीच आत. दोलनाचा आवर्तकाळ काढायला एक सोपा आकडा पाठ असावा: फ्लक्स क्वांटम एच/ई म्हणजे ४.१४ मिलिटेस्ला-चौरस मायक्रोमीटर. क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मायक्रोमीटर, म्हणून दर ५.३ मिलिटेस्लाला एक आवर्तन. शाखेला रुंदी असते, त्यामुळे आतली कड ०.४ आणि बाहेरची ०.६ मायक्रोमीटर असेल तर आवर्तन ८.२ ते ३.७ मिलिटेस्लाच्या दरम्यान कुठेही पडू शकतं. याच्या बाहेर काही दिसलं तर ते तुमच्या वलयाचं नाही.

क्षेत्र फार वाढवू नका. ५० मिलिटेस्लाला सायक्लोट्रॉन त्रिज्या १.६५ मायक्रोमीटर असते, ते चालतं. १६५ मिलिटेस्लाला ती ०.५ मायक्रोमीटर, म्हणजे वलयाएवढीच होते. मग इलेक्ट्रॉन एका शाखेकडे ढकलला जातो आणि 'दोन समान वाटा' हे गृहीतकच राहत नाही.

तापमानाचाही हिशेब आधीच करावा. वेगवेगळ्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे फेज कोणत्या अंतरावर विस्कटतात ती औष्णिक लांबी ४.२ केल्विनला ०.४ मायक्रोमीटर आहे आणि १०० मिलिकेल्विनला १६ मायक्रोमीटर. द्रव हीलियमच्या भांड्यात नमुना बुडवून संपर्क तपासता येतील, गेट (व्होल्टेज देऊन खालचे इलेक्ट्रॉन हटवणारे धातूचे पट्टे) तपासता येतील. फेजच्या मापनाला मात्र मिलिकेल्विनपर्यंत थंड करणारा डायल्यूशन फ्रिजच लागतो. १९८५ साली आयबीएमच्या वेब आणि सहकाऱ्यांनी सुमारे ०.८ मायक्रोमीटर व्यासाच्या सोन्याच्या वलयात एच/ई दोलनं दाखवली, तीही १ केल्विनच्या खालीच.

ई-बीम लिथोग्राफीची (इलेक्ट्रॉनांच्या झोतानं सूक्ष्म आकार रेखाटण्याची) सोय स्वतःच्या संस्थेत नसेल तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीतून चालवला गेलेला इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम बाहेरच्या संशोधकांसाठीच आखलेला होता. सध्या कोणत्या अटींवर प्रवेश मिळतो ते आधी विचारून घ्या.

दोन टोकांचं वलय का पुरत नाही

ही पायरी बहुतेक जण वाचून पुढे जातात आणि सहा महिन्यांनी परत येतात.

दोनच संपर्क असलेल्या नमुन्याची वाहकता क्षेत्राची दिशा उलटी केली तरी बदलत नाही. ऑन्सागरच्या सममितीचा हा परिणाम ब्यूटिकर यांनी अशा नमुन्यांसाठी १९८६ मध्ये मांडला. कोसाइनच्या आकाराचं दोलन शून्य क्षेत्राभोवती सममित राहायचं असेल तर त्याचा फेज शून्य असू शकतो किंवा १८० अंश, मधला कुठलाही नाही. त्यामुळे डॉटचा खरा फेज हळूहळू सरकत असला तरी दोन टोकांचं वलय तो दाखवत नाही. ते एका जागी अडून राहतं आणि मग एकदम १८० अंशांची उडी मारतं. १९९५ मध्ये वाइझमन संस्थेत याकोबी, हाइब्लम आणि सहकाऱ्यांनी डॉट घातलेल्या वलयात नेमकी अशी उडी पाहिली. डॉटमधून जाताना इलेक्ट्रॉनची सुसंगती टिकते हे त्या प्रयोगानं सिद्ध झालं. पण फेजचं खरं मोजमाप त्यातून मिळालं नाही.

असं होण्यामागे इलेक्ट्रॉनाचं परत फिरणं आहे. जो बाहेर पडला नाही तो संपर्कावर आपटून वलयात पुन्हा पुन्हा घिरट्या घालतो आणि या सगळ्या वाटांची बेरीज सममिती राखते. उपाय म्हणजे परत फिरणाऱ्यांना वलयाबाहेर काढायची सोय. १९९७ मध्ये शुस्टर आणि सहकाऱ्यांनी वलयाच्या आजूबाजूला जमिनीला जोडलेले जादा संपर्क दिले. वाट चुकलेले इलेक्ट्रॉन त्यांत निघून जातात आणि उरतात त्या जवळजवळ दोनच वाटा. किंमत अशी की बराचसा करंटही निघून जातो आणि दोलन बारीक होतं. दुसरा मार्ग यामामोतो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवला: वलयाच्या दोन्ही टोकांना एकमेकींशी टनेल जोडणी असलेल्या समांतर तारा. यात बाहेर पडायच्या दोन वाटांवरचे करंट उलट फेजमध्ये दोलतात आणि त्यांची बेरीज सपाट राहते. मापन चालू असतानाच उपकरण स्वतःची साक्ष देतं, म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं शक्य असेल तर हीच रचना निवडावी असं आमचं मत आहे.

वायरिंग आणि लॉक-इन

१०० मिलिकेल्विनची औष्णिक ऊर्जा ८.६ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. नमुन्यावर दिलेला एसी व्होल्टेज याच्या खाली हवा. ५ मायक्रोव्होल्टपासून सुरुवात करा. लॉक-इनच्या (ठरावीक वारंवारतेचा संकेत देऊन तेवढाच मोजणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) ०.५ व्होल्टवरून तिथे पोचायला एक लाखास एक असा विभाजक लागतो. १०० किलोओहम आणि १ ओहम ही जोडी चालते, मात्र १ ओहमचा रोध क्रायोस्टॅटच्या तोंडाशी ठेवा, मेजावर नको. वाहकता २ई²/एच, म्हणजे ७७.५ मायक्रोसीमेन्सच्या आसपास असेल तर करंट सुमारे ०.४ नॅनोॲम्पियर आणि पाच टक्के दोलन म्हणजे २० पिकोॲम्पियर. प्रीॲम्प्लिफायरची वाढ १०⁸ व्होल्ट प्रति ॲम्पियर ठेवा. वारंवारता ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींपासून दूर, म्हणजे १७ किंवा ३७ हर्ट्झ अशी घ्या.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. करंट प्रीॲम्पच्या इनपुटवर स्वतःचा डीसी ऑफसेट असतो आणि तो सहज शंभर मायक्रोव्होल्ट निघतो. ५ मायक्रोव्होल्ट दिल्याच्या समाधानात आपण असतो आणि नमुन्यावर त्याच्या वीसपट बायस बसलेला असतो. दोलन नाहीसं होतं, दोष फॅब्रिकेशनला दिला जातो. ऑफसेट आधी शून्य करा आणि दर काही तासांनी पुन्हा पाहा.

फ्रिजचा थर्मामीटर इलेक्ट्रॉनचं तापमान सांगत नाही. डॉट जवळजवळ बंद करून कूलॉम शिखराची (गेट फिरवताना एकेक इलेक्ट्रॉन आत शिरतो तिथे करंटमध्ये दिसणाऱ्या शिखराची) रुंदी मोजा. कमकुवत जोडणीत, एकाच पातळीतून वहन होत असताना, अर्ध्या उंचीवरची रुंदी औष्णिक ऊर्जेच्या साडेतीन पट असते. १०० मिलिकेल्विनला ती ३० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट यायला हवी. दुप्पट आली तर फिल्टर अपुरे आहेत. मग फेज मोजताना डॉट इतका उघडा की गॅमा ५० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे जाईल. नाहीतर दिसणारा चढ डॉटचा नसून तापमानानं पसरवलेला असेल.

गेटच्या व्होल्टेजचाही असाच हिशेब आहे. गेटचा लिव्हर आर्म (गेटच्या व्होल्टेजचा किती भाग डॉटची ऊर्जा सरकवतो ते प्रमाण) ०.०८ धरला तर ५० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे गेटवर ०.६ मिलिव्होल्ट, आणि गॅमाचे दहा भाग करायचे तर पायरी ०.०६ मिलिव्होल्टची. अधिक-उणे १० व्होल्टच्या १६-बिट डीएसीची (गेटला व्होल्टेज देणाऱ्या डिजिटल-ॲनालॉग परिवर्तकाची) एक पायरीच ०.३ मिलिव्होल्टची असते! आख्खं शिखर दोन-तीन बिंदूंत उरकतं. एकास दहाचा विभाजक लावा, किंवा जास्त बिटांचा डीएसी घ्या. नमुना थंड करताना गेटवर थोडा धन व्होल्टेज (०.३ व्होल्टच्या आसपास) ठेवला तर नंतर कमी ऋण व्होल्टेजवर काम भागतं आणि मध्येच उडणाऱ्या प्रभारांचा त्रास बराच घटतो.

मापनाचा क्रम

पहिलं, डॉट नसताना वलय. डॉटचे सगळे अडथळे उघडून उणे ५० ते अधिक ५० मिलिटेस्ला असा स्वीप घ्या. ०.३ मिलिटेस्लाची पायरी म्हणजे आवर्तनामागे १७-१८ बिंदू. लॉक-इनचा टाइम कॉन्स्टंट ०.३ सेकंद आणि प्रत्येक बिंदूला दीड सेकंद दिले तर एक स्वीप आठ-नऊ मिनिटांत होतो. संथ पार्श्वभूमी वजा करून हॅन विंडोसह फूरिये रूपांतर करा. शिखर प्रति मिलिटेस्ला ०.१९ च्या जवळ आणि ०.१२ ते ०.२७ च्या आत हवं. ०.३८ ला दिसेल ते एच/२ई, म्हणजे दुप्पट फेऱ्यांचं. तेच मोठं आणि एच/ई क्षीण असेल तर इलेक्ट्रॉन वलयात अडकून फिरताहेत, संपर्क अजून उघडा.

दुसरं, एका शाखेवरच्या साध्या गेटनं फेज सरकवा. ही खरी परीक्षा. गेट अधिक ऋण करत गेलं की दोलनाचा फेज सलग सरकायला हवा. तो एका जागी अडून १८० अंशांनी उडत असेल तर वर सांगितलेली सममिती अजून राज्य करतेय आणि पुढे जाण्यात अर्थ नाही. किती सरकेल याचाही अंदाज बांधता येतो. २०० नॅनोमीटर लांबीच्या गेटखाली १८० अंशांसाठी विभव सुमारे २.२ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टनं वाढवावा लागतो. अरुंद वाहिनीत इलेक्ट्रॉन संथ झालेला असल्यानं प्रत्यक्षात त्याहून कमी पुरतो. याच चाचणीत चिन्हही ठरवून टाका. डॉटच्या शाखेतला गेट अधिक ऋण केल्यावर त्या शाखेचा फेज घटतो, हे पक्कं असतं. क्षेत्राच्या अक्षावर त्या वेळी दोलन कुठल्या बाजूला सरकलं ते वहीत लिहा. नंतर डॉटचा फेज चढला की उतरला हे त्यावरूनच ठरणार आहे.

तिसरं, डॉट तयार करा आणि संदर्भाची शाखा बंद करून फक्त त्याची शिखरं मोजा. शिखराची जागा, गॅमा, लिव्हर आर्म, दोन शिखरांमधलं अंतर हे सगळं इथेच काढून घ्या.

चौथं, दोन्ही शाखा उघडून प्लंजर गेट (डॉटची ऊर्जा सरकवणारं गेट) आणि क्षेत्र यांचा नकाशा. इथे क्षेत्राचा पूर्ण पट्टा लागत नाही, चार आवर्तनं म्हणजे २१ मिलिटेस्ला पुरतात. ७० बिंदूंना पावणेदोन मिनिटं, आणि एका शिखराच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन गॅमासाठी गेटच्या ६० पायऱ्या. फक्त जाण्याचे पावणेदोन तास, परतीचे तेवढेच. परतीचा वेळ वाचवायला एक ओळ चढती आणि पुढची उतरती घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. अतिवाहक चुंबकात अडकून राहणारं क्षेत्र दिशेप्रमाणे बदलतं, आणि १ मिलिटेस्लाचा फरक म्हणजे या वलयात ६८ अंश. नकाशावर करवतीसारखे दाते उमटतात आणि मग ते गणितानं घासत बसावं लागतं. सगळ्या ओळी एकाच दिशेनं घ्या आणि शेवटी पहिली ओळ पुन्हा मोजा. दोन्हींत १० अंशांहून जास्त फरक असेल तर मधल्या काळात नमुना सरकला आहे. तो नकाशा टाकून द्या.

फेज काढताना

प्रत्येक ओळीवर कोसाइन बसवा, पण आवर्तकाळ मोकळा सोडू नका. पहिल्या पायरीतल्या लांब स्वीपवरून मिळालेला आकडा सगळ्या ओळींना एकच द्या. आवर्तकाळ आणि फेज दोन्ही मोकळे ठेवले तर ते एकमेकांची भरपाई करतात आणि फेज मनमानी भटकतो. जिथे दोलनाची उंची गोंगाटाच्या दुपटीहून कमी आहे त्या ओळींचा फेज आलेखात दाखवू नका.

प्लंजर गेट डॉटवर असतं तसं थोडं शेजारच्या शाखेवरही असतं. त्यामुळे फेजमध्ये एक संथ, सरळ उतार मिसळतो. डॉट पूर्ण उघडा असताना तेच गेट तेवढंच फिरवून हा उतार मोजा आणि वजा करा.

निकालाची तुलना आधी संख्यात्मक गणिताशी केली तर डोळे तयार होतात. पायथॉनमधलं क्वांट हे मुक्त पॅकेज यासाठी चांगलं आहे. जाळीचं अंतर ५ नॅनोमीटर घेतलं तर हॉपिंग ऊर्जा (जाळीच्या एका बिंदूवरून शेजारच्यावर जाण्याची) २२.७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट येते आणि तरंगलांबीत दहा बिंदू बसतात, तेवढं पुरतं. त्यात एक खाच आहे: लीडमधल्या (नमुन्याला जोडलेल्या तारेतल्या) मोडचा स्वतःचा फेज अनिर्बंध असतो. ऊर्जा बदलत नेऊन मिळालेला ट्रान्समिशनचा फेज थेट वाचलात तर त्यात लीडची मनमानी आणि मधल्या तारेच्या लांबीचा फेज दोन्ही मिसळतात. ऊर्जा स्थिर ठेवा, डॉटचा विभव बदला.

जे चूक नाही, पण चूक वाटेल

शिखरातून जाताना फेज १८० अंश चढला आणि पुढच्या दरीत एकाएकी १८० अंश खाली आला, असं दिसलं की नवखा नमुन्यातच दोष शोधायला लागतो. शुस्टर यांच्या मापनातही लागोपाठच्या शिखरांवर फेज असाच चढला आणि प्रत्येक दरीत घसरला. सगळी शिखरं एकाच फेजची निघाली. २००५ मध्ये वाइझमनच्याच गटानं डॉटमध्ये इलेक्ट्रॉन एकेक करून भरले. इलेक्ट्रॉन दहाच्या आत असताना घसरण काही दऱ्यांत होती, काहींत नव्हती. चौदाच्या वर गेल्यावर ती प्रत्येक दरीत दिसू लागली. म्हणून डॉटमध्ये इलेक्ट्रॉन किती आहेत हे कळल्याशिवाय घसरणीबद्दल काहीच विधान करू नका. शिवाय घसरण होते ती दरीच्या तळाशी, जिथे दोलन सर्वांत क्षीण. शिखरापासून अर्धा मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट दूर, ५० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमाला एका पातळीचं ट्रान्समिशन पाव टक्का आणि ॲम्प्लिट्यूड ५ टक्के उरतं. त्या भागात टाइम कॉन्स्टंट वाढवून १ सेकंद करा, वाट पाहण्याचा वेळही त्याच पटीत.

आणि डॉटमध्ये विषम संख्येनं इलेक्ट्रॉन असलेल्या दरीत फेज १८० ऐवजी ९० अंशांपाशी पठारासारखा थांबला तर कोंडो परिणामाची (डॉटमधला एकटा स्पिन बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी बांधला जाण्याची) शक्यता तपासा. फ्रीडेलच्या नियमानुसार डॉटवर बसलेला प्रभार आणि स्कॅटरिंगचा फेज बांधलेले असतात. एक इलेक्ट्रॉन दोन स्पिनांत अर्धा-अर्धा वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला ९० अंश येतात. तपासणी तापमानानं करा: फ्रिज टप्प्याटप्प्यानं तापवला की दरीतली वाहकता घटायला हवी आणि पठारही विरत जायला हवं. वाहकता तापमानाबरोबर वाढली तर ते पठार कोंडोचं नाही. मग पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा आणि शाखेच्या गेटनं फेज अजून सलग सरकतो का ते पाहा.